चार बोटं आखूड

आमच्या लॉन्ड्रीत एक नियम आहे आणि तो आत्याआजीने घातलेला आहे, म्हणजे तो मोडायची कुणाची छाती नाही. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी त्यातला आपला कच्चा धावदोरा एक तर उसवायचा, नाही तर त्यावर पक्की टीप मारायची. कच्चं काम काउंटर ओलांडणार नाही. बाबांना हा नियम इतका अंगवळणी पडलाय की जेवताना टेबलक्लॉथला लोंबणारा धागा दिसला तरी त्यांचा हात आपोआप कात्रीकडे जातो. त्या सवयीने एकदा आमचं सगळंच उसवलं असतं, ते पुढे येईलच.

आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या. वय बहात्तर, वजन ओल्या चादरीएवढं, आवाज मात्र भोंग्याचा. इस्त्री किती तापली ते ती ओलं बोट लावून, चुर्र ऐकून सांगते. शर्ट हुंगून सांगते की हा माणूस ऑफिसला जातो म्हणून घरातून निघतो आणि दिवसभर कुठेतरी पत्ते कुटतो. गिऱ्हाइकाने "जरा लवकर मिळेल का हो?" असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: "मिळेल की. ओलाच नेता का? अंगावर वाळेल." मी तिची नक्कल करते तेव्हा बाबा हसून हसून काउंटरखाली जातात. ती स्वतः मात्र नुसती बघते आणि म्हणते, "हनुवटी अजून वर. माझी हनुवटी एवढी खाली कधीच नव्हती."

नव्हतीच. एका कोटासाठी तिने ती बावन्न वर्षं वर ठेवली.

परक्यांचं राज्य होतं तेव्हाही ही लॉन्ड्री होती, याच गल्लीत, याच दोन खोल्यांत. पुढे काउंटर आणि इस्त्रीची टेबलं. मागे हौद, खळीचं पातेलं आणि मळके कपडे टाकायची वेताची टोपली, एवढी मोठी की आत माणूस बसावा. छावणीतल्या शिपायांचे गणवेश इथेच धुवायला यायचे. त्यामुळे इथे बंडखोर लपत असतील असं कुणाच्या स्वप्नातही येत नव्हतं, आणि नेमके म्हणूनच ते इथे लपायचे.

लॉन्ड्री चालवायचा तिचा दादा. वय सव्वीस, उंची जेमतेम पाच फूट. गल्लीत त्याला सगळे 'टिचभर' म्हणत आणि तो ओ देई. इस्त्रीच्या टेबलाशी तो लाकडी खोक्यावर उभा राहून काम करायचा. लढ्याचा पुढारी याच्या अगदी उलट, सव्वासहा फूट. त्याची माणसं मागे त्याला 'खांब' म्हणायची. त्याचा राखाडी लोकरी लांब कोट त्याच्याहून प्रसिद्ध होता. सरकारने भिंतीभिंतीवर त्याचं चित्र चिकटवलं होतं. चित्रातलं तोंड कुणाचंही खपलं असतं, कोट मात्र बटणासकट हुबेहूब.

एका दुपारी शिपायांनी गल्लीची दोन्ही तोंडं अडवली आणि घर न् घर उलथंपालथं करत यायला लागले. खांब मागच्या खोलीत होता. मागचं दार होतं, पण ते उघडत होतं त्याच गल्लीच्या कोपऱ्यावर, जिथे चार बंदुका उभ्या होत्या.

"कोट काढा," टिचभर म्हणाला.

"कशाला?" खांब म्हणाला.

"तुम्हाला कोण ओळखतंय? ओळखतात ते कोटाला. द्या इकडे."

त्याने तो घातला. खालचा घेर घोट्यापर्यंत आला, ते खपून गेलं असतं. पण बाह्या बोटांवर लोंबत होत्या. आत्याआजी तेव्हा वीस वर्षांची होती. ती म्हणाली, "दादा, शाळेच्या नाटकातला राजा दिसतोस. उसना कोट शंभर पावलांवरून कळतो, बाह्या चुगली करतात. थांब."

तिने दोन्ही बाह्या चार-चार बोटं आत दुमडल्या आणि धावदोरा घातला. हातात होता तो पांढरा दोरा, जाड सुई. शेजारच्या घरात कपाटं पडल्याचे आवाज येत होते. खांब टोपलीत बसला, वर तिने शिपायांचेच मळके गणवेश ओतले. टिचभरने टोपी कपाळावर ओढली आणि पुढच्या दाराने बाहेर पडला.

तो कोपऱ्यापर्यंत हळू चालत गेला. सगळ्यांना कोट नीट दिसेपर्यंत. मग पळाला. आरडाओरडा झाला, कोपऱ्यावरचे चौघंही त्याच्यामागे धावले. दोन गोळ्या वाजल्या. तेवढ्यात डोक्यावर गणवेशांचं गाठोडं घेऊन, कमरेत दुमडून, खांब मागच्या दाराने निघून गेला.

त्या संध्याकाळी शिपाई गणवेश न्यायला आले. आत्याआजीने ते दिले. कॉलरी कडक करून, घड्या घालून, मोजून दिले. दिले नसते तर संशय आला असता आणि खांब अजून शहरातच होता. ज्यांनी तिच्या दादाला मारलं त्यांच्या कॉलरींना तिने त्याच दुपारी खळ लावली. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, आणि सांगताना ती हाताची बोटं पदराला पुसत होती, पुन्हा पुन्हा, कोरडी असूनसुद्धा.

दोन वर्षांनी परके गेले. तोवर ती गप्प होती, कारण खांबाने तसा निरोप धाडला होता: जागा उघडी पडेल, बोलू नकोस. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी ती मैदानात सगळ्यात पुढे जाऊन बसली. आज दादाचं नाव निघणार म्हणून. आपल्या हाताने कडक केलेली साडी नेसून.

खांब व्यासपीठावर उभा राहिला. त्याचं भाषण मला तोंडपाठ आहे, कारण ते दर वर्षी रेडिओवर लावतात. प्रत्येक दोन शब्दांत एक उसासा, जणू शब्द विहिरीतून शेंदून काढतोय. "माझ्या... बांधवांनो! त्या दिवशी लॉन्ड्रीतला एक... नोकर... माझा कोट चोरून पळाला. शत्रूला वाटलं... मीच! त्या बिचाऱ्याला कोट लाभला नाही... आणि मला गोळी! नियतीने... मला तुमच्यासाठी राखलं!"

मैदान हसलं. हजारो माणसं, आत्याआजीच्या मागे, पुढे, दोन्ही बाजूंना.

आपण टोपलीत मळक्या चड्ड्यांखाली बसलो होतो आणि एका पाच फुटी माणसाला मरायला पुढे जाऊ दिलं, हे सांगायला त्याची जीभ रेटली नसेल. मी समजू शकते. पण मग गप्प बसायचं होतं! चोर कशाला म्हणायचं?

ती त्याच्या बंगल्यावर तीनदा गेली. दारात त्याचा चिटणीस असायचा, नाकातून बोलणारा. पहिल्यांदा: "साहेब विश्रांती घेताहेत." दुसऱ्यांदा: "साहेब दौऱ्यावर आहेत." तिसऱ्यांदा गडबडून म्हणाला, "साहेब दौऱ्यावर विश्रांती घेताहेत." मग ती गेली नाही. पण तो विनोद वाढत गेला. भाषणातून तो पुस्तकात गेला, पुस्तकातून शाळेच्या धड्यात. परक्यांच्या छावणीतल्या कोठारात तो कोट सापडला, छातीवर भोक, भोकाभोवती तपकिरी डाग. तो संग्रहालयात काचेच्या कपाटात गेला, बाह्या पाठीमागे घडी करून. खाली पाटी: 'लॉन्ड्रीतल्या एका नोकराने हा कोट चोरला. शत्रूने त्यालाच नेता समजून गोळी घातली. नियतीने नेत्याला राखलं.'

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. घरात कुणी बोलायचं नाही. आमच्या शाळेने पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने त्या धड्याचं नाटक बसवलं आणि कोटचोराचं काम मला दिलं, कारण नकला मी करते. मी जीव ओतला. डोळे फिरवले, पाय फेंगडे टाकले, कोटाचा वास घेऊन मिटक्या मारल्या. सभागृह लोळत होतं. मी वाकून दाद घेताना मला दुसऱ्या रांगेत आत्याआजी दिसली. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. बघत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "काम छान केलंस. चालणं चुकलं."

"चालणं?"

"तो हळू चालला होता."

आणि मग तिने सगळं सांगितलं, इस्त्री करता करता, एकदाही न थांबता. त्या रात्रीपासून मी ती नक्कल पुन्हा केली नाही. पण माझ्या अंगाची जी आग झाली ती काही केल्या विझेना, कारण आता ती पाटी दगडात कोरली जाणार होती. संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर, त्याच शब्दांत, वर्धापनदिनी अनावरण. कागदाची पाटी फाटते, धडा बदलतो. दगडातला चोर कायमचा चोर.

आम्ही दोघी संग्रहालयाच्या संचालकांकडे गेलो. हा गृहस्थ प्रत्येक वाक्य "तसं बघायला गेलं तर" ने सुरू करतो आणि तसं काही बघत नाही.

"तसं बघायला गेलं तर, आजी, पुरावा काय?"

"बाह्या उलटून बघा," आत्याआजी म्हणाली. "चार बोटं आत घेतल्यात. माझा टाका आहे. चोर कधी बाह्या टाचून घ्यायला थांबतो का?"

"तसं बघायला गेलं तर, वस्तूला हात लावता येत नाही."

"मग मी लावते."

"तुम्हाला तर नाहीच. आणि पुरावा लेखी लागतो."

"माझा पुरावा टाक्यात आहे."

"टाके म्हणजे लेखी नव्हे," असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर हसले. बरगडीतून, हिक् हिक् हिक्. ती नक्कल मला पहिल्याच दिवशी जमली.

आणि आठवड्याने काय व्हावं? संग्रहालयाचा रखवालदार आमच्या काउंटरवर उभा, हातात मलमलीत गुंडाळलेलं काहीतरी. समारंभात पुढारी स्वतः तो कोट घालून व्यासपीठावर येणार होते, फोटोसाठी. लोकरीला हाताने वाफ देऊन इस्त्री करणारी शहरात आमचीच एक लॉन्ड्री उरली आहे, म्हणून संचालकांनी रखवालदाराला "कुठे तरी करून आण" सांगितलं होतं. कुठे, ते त्यांनी विचारलंही नव्हतं. सोबत चिठ्ठी: 'फक्त इस्त्री. डाग काढू नये.'

आत्याआजीने चिठ्ठी वाचली. "डाग काढू नये?"

"तो डाग बघायलाच तर लोक येतात, आजी," रखवालदार भाबडेपणाने म्हणाला.

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चोराचं रक्त म्हणून पन्नास वर्षं दाखवताहेत, आणि वर सूचना, पुसू नका! तिने कोट घेतला, टेबलावर पसरला, डागावर पालथा हात ठेवला. रखवालदार टोपी हातात घेऊन निमूट निघून गेला.

मग तिने बाही उलटली. अस्तराच्या आत पांढरा धावदोरा, वेडावाकडा, घाईचा. तिथेच होता. ती भिंतीला टेकून खाली बसली. मी पाणी आणायला मागे धावले आणि परत आले तर बाबा टेबलाशी. बाजारातून आत्ताच आलेले, काही ठाऊक नसलेले. त्यांना दिसला तो फक्त एक राखाडी कोट आणि त्यात राहिलेला कच्चा दोरा.

"अरेच्चा, धावदोरा राहिलाय की," ते म्हणाले आणि कात्री लावली.

"हात!" आत्याआजी ओरडली. भोंगा. समोरच्या न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला म्हणे. बाबांच्या हातावर तिने अशी चापट मारली की कात्री हौदापर्यंत गेली. एक टाका तुटला होता. फक्त एक.

"आत्या, पण आपला नियम..."

"नियम डिलिव्हरीला आहे, बाळा. हा कोट अजून डिलिव्हर व्हायचाय. बावन्न वर्षं झाली."

तिने कोटाला वाफ दिली, खांदे बसवले, कॉलर अशी काढली की नव्या कोटाने लाजावं. बाह्यांना हात लावला नाही. "याची डिलिव्हरी व्यासपीठावर. तिथे उसवेन," म्हणाली. "नाही तर तिथेच पक्कं करेन. बघू कोण काय कबूल करतो ते."

वर्धापनदिनी मैदान भरलं होतं. भिंतीवरच्या दगडावर पडदा. पुढाऱ्याला दोघांनी धरून आणलं. खांब आता वाकला होता, पण हात तेवढेच लांब. संचालकांनी मोठ्या थाटात कोट त्याच्या अंगावर चढवला आणि हात पुढे आले ते मनगटाच्या बरेच वर बाह्या ठेवून. सव्वासहा फुटी माणूस, आणि अंगावर धाकट्या भावाचा कोट! आधी पोरं फिस्सकन हसली, मग बायका, मग सगळेच.

संचालकांनी माइक ओढला. "तसं बघायला गेलं तर, लॉन्ड्रीवाल्यांच्या निष्काळजीपणामुळे हा ऐतिहासिक कपडा आखडला आहे..."

पुन्हा आम्हीच! एकदा चोर, आता कोट बिघडवणारे! मी उठणार तेवढ्यात आत्याआजी उठली होती. पायऱ्या चढताना एकाने अडवलं तर तिने नुसती हनुवटी वर केली. तो बाजूला झाला.

"लोकर आखडली तर सगळी आखडते," ती म्हणाली. माइक लागलाच नाही. "खांदे बघा, बसलेत बरोबर. घेर बघा. लॉन्ड्रीत फक्त बाह्याच आखडतात का हो?" तिने पुढाऱ्याची डावी बाही उलटी केली आणि दोरा लोकांना दाखवला. "हा माझा टाका. माझा दादा पाच फुटांचा होता. मापात बसावा म्हणून टाचलाय. चोर पळून जायच्या आधी बहिणीकडून बाह्या टाचून घेतो? सांगा की! आणि दादा कोट घालून निघाला तेव्हा हे साहेब कुठे होते? टोपलीत! माझ्या टोपलीत, गणवेशांखाली!"

पुढारी स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. मग तो बोलला, माइकसमोर, पण आमच्याशी नाही. उसासे नव्हते, मधल्या जागा नव्हत्या. साधा म्हाताऱ्याचा आवाज.

"डावी आधी टाचलीस. उजवीला दोरा तुटला तुझा."

दोरा तुटल्याचं तिने आम्हालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

चिटणिसाने झटकन माइक बंद केला. कुणीतरी बँड सुरू करायला लावला. आणि त्या गोंधळातच पडदा ओढला गेला. दगडावर तो शब्द तसाच होता, ताजा, सोनेरी रंग भरलेला. चोरला.

आत्याआजीने तो वाचला. मागे वळली, पुढाऱ्याच्या अंगातून कोट काढला, लहान मुलाच्या अंगातून काढावा तसा, एकेक हात सोडवत. त्याने हात पुढे केले. तिने कोट घडी करून काखेत घेतला.

"अहो, अहो! कुठे नेता?" संचालक.

"कच्चं काम आहे यात. आमचा नियम आहे, कच्चं काम आम्ही देत नाही. तुमच्या दगडातलं कच्चं काम आधी नीट करा, मग या."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा आला: 'लॉन्ड्रीवालीने नेत्याचा कोट पळवला'. बाबा घाबरले. आत्याआजीने पेपर दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसली. "चला. आता आमच्या घरात दोन चोर. दादाला सोबत झाली."

कोट तेवीस दिवस आमच्या आकड्यावर लटकला. संग्रहालयाची तीन पत्रं आली. तिन्हींना तिने एकच निरोप धाडला: "साहेब विश्रांती घेताहेत." तिकडे कपाट रिकामं होतं आणि रिकामं कपाट बघायला कोट असतानापेक्षा जास्त गर्दी होत होती. एकाने तर काचेवर कागद चिकटवला, 'टोपलीत बघा'. हस्ताक्षर माझं नव्हतं, मी शपथ घेऊन सांगते. माझं असतं तर चित्रही काढलं असतं.

चोविसाव्या दिवशी गवंडी आला. हातात छिन्नी आणि संचालकांची चिठ्ठी: 'योग्य तो शब्द घालावा'. योग्य तो शब्द काय, हे सांगायची त्यांच्यात अजूनही हिंमत नव्हती. गवंडी म्हणाला, "आजी, मला सांगा, मी कोरतो. मला काय, दगड सगळे सारखेच."

"घातला," ती म्हणाली. "नोकराने हा कोट घातला. जाणूनबुजून. आणि नोकर नको. मालक होता तो लॉन्ड्रीचा."

"एवढं मावणार नाही."

"मग नियती खोडा. तळाला आहे बघा ती. बरीच जागा अडवून बसलीय."

दोन दिवसांनी ती जाऊन आली. अक्षरांवरून बोट फिरवून, खाचेत चुरा राहिलाय का बघून. आली ती सरळ आकड्याशी. कोट काढला, टेबलावर घेतला. बाबांनी हलकेच कात्री पुढे केली.

"उसवू?" बाबा म्हणाले.

"उसवतोस कशाला? कुणाच्या मापाचा आहे तो?"

तिने मशिनीवरचं कापड काढलं, चष्मा लावला. बाबांनी तोडलेला तो एक टाका आधी सुईने जोडला. मग डावी बाही सुईखाली सरकवली आणि पायाने मशीन चालवायला लागली. पांढऱ्या दोऱ्याने, चार बोटं आत, पक्की टीप.